घरकर्जाचे दोन भाग, हिशेब मात्र एक



मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एक भगिनी बँकेचा कागद घेऊन आमच्याजवळ आल्या. म्हणाल्या, "दादा, हप्ता तेवढाच कापतात, मग फेडीची वर्षे कशी वाढली?"

त्यांचे पती एस.टी.च्या कार्यशाळेत कामाला. चाळीतली खोली सोडून त्यांनी दोन खोल्यांचे घर घेतले. बँकेने कर्जाचे दोन भाग केले. एका भागाचा व्याजदर तीन वर्षांसाठी स्थिर, दुसऱ्याचा पाच वर्षांसाठी. पुढे दोन्हींचा दर बदलता. तीन वर्षे संपली, पहिल्या भागाचा दर वाढला. बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली. पत्र आले होते, पण ते न वाचताच पेटीत गेले.

कर्जाचे असे भाग करणे वाईट नव्हे. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे 2022 च्या सुरुवातीला 4 टक्के होता, तो फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहा टक्के झाला. अशा काळात सगळ्याच कर्जाची स्थिर मुदत संपली तर सगळा भार एकदम अंगावर येतो. मुदती वेगवेगळ्या असल्या की निम्मे कर्ज तरी जुन्या दराने राहते. पण दोन मुदती म्हणजे दोन तारखा, आणि त्या सांभाळायच्या आपण.

आता आकडे पाहा. 15 लाखांचे कर्ज, 20 वर्षे, दर 8 टक्के; हप्ता सुमारे 12,547 रुपये. दर सुरुवातीलाच 9 टक्के झाला आणि मुदत तीच ठेवली, तर हप्ता सुमारे 13,496 रुपये. म्हणजे महिन्याला साडेनऊशे रुपये जास्त. हप्ता मात्र तोच ठेवला तर 240 ऐवजी सुमारे 304 हप्ते भरावे लागतील. पाच वर्षांहून अधिक काळ जादा, आणि एकूण रक्कम साडेपाच लाखांहून अधिक जास्त! निवृत्तीनंतरही हप्ता चालू राहिला तर तो भरायचा कोणी?

म्हणून आमचे सांगणे असे. प्रत्येक भागाची स्थिर मुदत कधी संपते, ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. तिच्या तीन महिने आधी बँकेत जाऊन पुढचा दर काय, हप्ता किती, हप्ते किती उरतील, हे लेखी मागा. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, की दोन्ही थोडे थोडे, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यावी, असे रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने सांगितले. दर तिमाहीला हिशेबाचे पत्रकही मिळाले पाहिजे. झेपत असेल तर हप्ता वाढवा.

बोनस किंवा थकबाकी हाती आली तर ती आधी बदलत्या दराच्या भागात भरा. व्यक्तीने घेतलेल्या अशा गृहकर्जावर मुदतीपूर्वी फेडीचा दंड घेता येत नाही. स्थिर दराच्या भागावर तो असू शकतो. तेव्हा करारपत्र वाचून मगच पैसे भरा. इंग्रजी कागद समजत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलामुलीला वाचायला बसवा. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, ते अशा वेळीही कामी यावे.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले: एक संसाराला, दोन कामधंद्याला, चौथा अडीअडचणीसाठी राखून. आपल्या पगारात एवढे जमणार नाही, हे आम्ही जाणतो. पण दोन हप्त्यांइतकी रक्कम बाजूला असली तरी आजारपणात सावकाराचे दार चढावे लागत नाही.

त्या भगिनी दुसऱ्या दिवशी पतीसह बँकेत गेल्या. हप्ता थोडा वाढवून घेतला, मुदत पूर्ववत केली. आता दुसऱ्या भागाची तारीख त्यांच्या कॅलेंडरवर आहे.

कोणाचे देणे नसणे हे गृहस्थाच्या सुखांपैकी एक, असे भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला सांगितले. ते सुख आपल्या प्रत्येक घराला लाभो.

भवतु सब्ब मंगलं!