'टेक ऑफ' आणि उपसर्गांचा जुना वाद

इंग्रजी शिकवणाऱ्याला वर्गात हमखास भेटणारा एक प्रश्न आहे. 'टेक' म्हणजे घेणे आणि 'ऑफ' म्हणजे दूर. मग 'टेक ऑफ' म्हणजे विमानाने जमीन सोडणे कसे? प्रश्न रास्त आहे. त्याला आपल्याकडे सहसा मिळणारे उत्तर मात्र रास्त नाही : "ते तसेच असते, पाठ करा." परीक्षेच्या मार्गदर्शकांतील याद्या हेच उत्तर छापील स्वरूपात देतात. आमच्या मते हे उत्तर आळसाचे आहे; आणि मराठी विद्यार्थ्याला तर ते देण्याचे मुळीच कारण नाही.

अर्थांची गर्दी आहे, हे खरे. अंगातला कोट उतरवणे, विमानाने उड्डाण करणे, एखाद्या धंद्याने अचानक जोर धरणे, कोणी न सांगता निघून जाणे, कामावरून एक दिवस सुटी घेणे, किमतीतून काही रक्कम वजा करणे, एखाद्याची नक्कल करणे : या सगळ्यांसाठी इंग्रजीला हे एकच जोडक्रियापद पुरते. सॅम्युअल जॉन्सनने आपल्या १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेत अशा क्रियापदांचा विचार केला आहे. परकीयांना इंग्रजीत सर्वाधिक अडचण येते ती यांचीच, असे त्याचे निरीक्षण होते. त्याने दिलेल्या उदाहरणांत 'टेक ऑफ' आहे, आणि तिथे त्याचा अर्थ 'नक्कल करणे' असा आहे. राइट बंधूंचे विमान उडाले ते १९०३ मध्ये. म्हणजे आज आपल्याला जो अर्थ सर्वांत स्वाभाविक वाटतो, तो या कुटुंबात बराच उशिरा आलेला आहे.

आता आपल्या 'काढणे' या क्रियापदाकडे पाहू. आपण कपडे काढतो. दुसऱ्याचा आवाज काढतो, म्हणजे नक्कलच करतो. रजा काढतो. प्रसंग ओढवला की पळ काढतो. 'टेक ऑफ'चे चार अर्थ आपल्या एका 'काढणे'त सामावले आहेत, आणि ते आपण कोणत्याही यादीवरून शिकलो नाही. 'उतरवणे'ही तसेच : कोट उतरवतात, आणि फळ्यावरचा मजकूर वहीतही उतरवतात. मुळापासून काही वेगळे करून घेणे आणि मुळाची प्रत घेणे या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी राहतात, असे दोन्ही भाषांना वाटले आहे. गंमत अशी, की विमानाच्या बाबतीत मात्र वाटा फुटतात. तिकडे 'टेक ऑफ' झालेले विमान आपल्याकडे 'उतरते' ते प्रवास संपल्यावर.

प्रश्नाचे मूळ 'ऑफ'मध्ये आहे. अशा लहान शब्दाला स्वतःचा अर्थ असतो की नसतो? हा वाद आपल्याला नवा नाही. यास्काच्या निरुक्तात तो उपसर्गांच्या निमित्ताने आला आहे. शाकटायनाच्या मते सुटा उपसर्ग निश्चित अर्थ सांगत नाही. नाम व क्रियापद यांचा अर्थ तो केवळ उजळतो. गार्ग्याच्या मते उपसर्गांना स्वतःचे, नाना प्रकारचे अर्थ असतात. आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द शिकलेल्या विद्यार्थ्याला ही अडचण ओळखीची आहे. फक्त इंग्रजीत तो लहान शब्द क्रियापदाच्या मागे येतो, एवढेच.

शिक्षकाने आरंभ गार्ग्यापासून करावा, असे आम्हांला वाटते. 'ऑफ'मध्ये सुटण्याचा भाव आहे. कोट अंगापासून सुटतो, विमान जमिनीपासून, दिवस कामापासून, रक्कम किमतीपासून, माणूस मंडळींपासून. एवढे ध्यानात आले की अर्धी यादी आपोआप गळून पडते. परंतु तिथेच थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'गो ऑफ' हे क्रियापद घ्या. दिवा 'गो ऑफ' झाला की विझतो, घड्याळाचा गजर 'गो ऑफ' झाला की वाजू लागतो, आणि दूध 'गो ऑफ' झाले की नासते. इथे शाकटायनाला हाक मारावी लागते : कर्ता कोण, कर्म कोणते, हे पाहिल्यावाचून 'ऑफ' काही बोलत नाही.

याचे महत्त्व परीक्षेपुरते नाही. वॉल्ट रॉस्टो या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या आपल्या ग्रंथात आर्थिक वाढीच्या एका टप्प्याला 'टेक ऑफ' हेच नाव दिले. एकदा जमीन सुटली की वाढ आपल्याच बळावर चालू राहील, हा विश्वास त्या प्रतिमेतच दडलेला आहे. तिचे भाषांतर नुसते 'प्रगती' असे केले, तर सिद्धान्तावर शंका घेण्याची जागाच नाहीशी होते. 'उड्डाण' म्हटले, तर निदान इंधन कुणाचे, हा प्रश्न वाचकाला विचारता येतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. वर्गात यादी देण्यापूर्वी विद्यार्थ्यांना 'काढणे'ची वाक्ये करायला सांगावीत, आणि मग 'टेक ऑफ'ची. दोन्हींत कुठे जुळते आणि कुठे जुळत नाही, हे त्यांनाच शोधू द्यावे. मराठी ही इंग्रजी शिकण्यातली अडचण आहे, असे मानण्याची सवय आपल्याला जडली आहे. ज्याला स्वतःच्या भाषेतील क्रियापदांचे कौतुक वाटू लागले, त्याला परक्या भाषेतील क्रियापदांची भीती उरत नाही.