घरची बिअर आणि बाजारातली भांडी

अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी ज्या विधेयकावर स्वाक्षरी केली, त्यातील एका लहानशा तरतुदीने तेथील गृहस्थाला त्याचा एक जुना हक्क परत मिळाला. १९२० पासूनची दारूबंदी १९३३ मध्ये उठली तेव्हा घरी वाइन करण्यास मुभा देण्यात आली होती. बिअरला मात्र ती मिळाली नव्हती. पुढील पंचेचाळीस वर्षे आपल्या स्वयंपाकघरात बिअरचे भांडे चढवणारा माणूस संघराज्याच्या कायद्याच्या दृष्टीने अपराधीच होता. फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ माणसे असलेल्या घराला २०० गॅलन बिअर स्वतःच्या उपयोगासाठी, कर न भरता, तयार करता येऊ लागली. ब्रिटनने परवान्याची अट १९६३ मध्येच काढून टाकली होती. उलट, अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांतील गृहस्थांना राज्याच्या कायद्याची अनुमती मिळण्यास २०१३ साल उजाडावे लागले.

हक्कामागून दुकान येते, हा जगाचा रिवाज आहे. प्रारंभी या छंदिष्टांजवळ एक प्लॅस्टिकची बादली, रबरी नळी, स्वयंपाकघरातील मोठे पातेले आणि बाटल्यांना बुचे बसवण्याचे एक हातयंत्र, एवढाच संसार असे. आज त्याच हौसेसाठी पोलादाची चकचकीत पिंपे, विजेचे पंप, शंकूच्या आकाराच्या टाक्या आणि स्वतःच तापमान राखणारी यंत्रे विकावयास मांडलेली आहेत. वर्षभर बादलीत बिअर करून झालेल्या माणसापुढे साहजिकच प्रश्न उभा राहतो : यापुढे घ्यावे काय? या प्रश्नाला बाजार जे उत्तर देतो, ते बहुधा चुकीचे असते. बाजार डोळ्यांत भरणारी वस्तू विकतो. बिअर मात्र सुधारते ती डोळ्यांआड असलेल्या ठिकाणी.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे हा प्रश्न येथील घरात उद्भवत नाही. तरीही त्यातील मर्म मराठी घराला अगदीच परके नाही. दुधाला विरजण लावणाऱ्या गृहिणीला कोणी विचारले की दही चांगले लागण्यासाठी पातेले चांदीचे हवे की पितळेचे, तर ती हसेल. पौषातल्या थंडीत ती विरजलेले भांडे फडक्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवते आणि वैशाखात तेच भांडे माजघराच्या गार कोपऱ्यात सरकवते. विरजण जिवंत आहे, त्याला ऊबही बेताची लागते आणि गारवाही बेताचा, हे ज्ञान तिला पुस्तकाने दिलेले नाही. बिअरचा सारा व्यवहार या एका ज्ञानावर उभा आहे.

क्रिया तशी साधी. मोड आणून वाळवलेला व भरडलेला सातू, म्हणजेच माल्ट, सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर भिजत ठेवावयाचा. त्यातील पिष्टाची साखर होते. तो गोड काढा गाळून हॉपची फुले घालून तासभर उकळावयाचा, त्वरेने निववावयाचा आणि यीस्ट टाकून आंबत ठेवावयाचा. आठ-पंधरा दिवसांनी किंचित साखर घालून बाटल्या भरल्या की त्यांत वायू धरतो. यातला पहिला भाग अग्नीचा. तो एका दिवसात आटोपतो, त्यात वाफ आहे, सुवास आहे, भांड्यांचा खणखणाट आहे; शेजारी बघावयास येतात. दुसरा भाग गारव्याचा. तो दोन आठवडे अंधारात, मुकाट्याने चालतो. दुकानातील बहुतेक महाग वस्तू पहिल्या भागाच्या आहेत आणि बिअर बिघडण्याची बहुतेक कारणे दुसऱ्या भागात आहेत. सारी विसंगती येथे आहे.

साध्या एल जातीच्या यीस्टला १८ ते २२ अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. लागर जातीचे यीस्ट ९ ते १३ अंशांत सुखाने नांदते. यीस्ट काम करू लागले की स्वतः उष्णता निर्माण करते, आणि बादलीच्या आतील तापमान खोलीपेक्षा तीन ते पाच अंशांनी सहज चढते. म्हणजे २४ अंशांच्या खोलीत निर्धास्तपणे ठेवलेली बादली आतून २८ अंशांवर गेलेली असते. मग बिअरमध्ये एक झोंबरा, स्पिरिटसारखा वास उतरतो, पिकलेल्या फळांचा नको इतका दर्प येतो, आणि तो गृहस्थ खेदाने म्हणतो की आपले भांडेच हलके आहे. तो हजार डॉलरचे भांडे आणतो, त्याच खोलीत त्याच बादलीत बिअर आंबवतो आणि तोच दर्प पुन्हा नाकाशी येतो. अशा दोन-तीन अपेक्षाभंगांनंतर अनेकांची हौस मावळते. पैसा गेला तर गेला. पण ज्या हक्कासाठी पंचेचाळीस वर्षे थांबावे लागले, तो अशा रीतीने अडगळीत पडावा ही गोष्ट खरोखर खेदजनक होय.

मद्यव्यवसायाचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. बव्हेरियात १५५३ च्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यासच मनाई होती. उन्हाळ्यात केलेली बिअर नासते, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांनाही ठाऊक होते. पुढे १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे या अभियंत्याच्या शीतयंत्राला पहिला भक्कम आश्रय मिळाला तो म्युनिकच्या श्पाटेन मद्यशाळेकडून. आज घरोघरी असलेल्या फ्रिजच्या वंशावळीत बिअरवाल्यांचे नाव असे अगदी वरच्या ओळीत आहे. ज्यांचे पोट या धंद्यावर होते त्यांनी आपला पैसा गारव्यावर लावला, हे हौशी माणसाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरा पैसा त्यांनी लावला तो मोजमापावर. लंडनच्या मायकेल कॉम्ब्रून याने १७६२ मधील आपल्या ग्रंथात थर्मामीटरचा पुरस्कार केला. जॉन रिचर्डसन याने १७८४ मध्ये काढ्यातील गोडी मोजण्याचे साधन प्रचारात आणले. तेच आजच्या हायड्रोमीटरचे पूर्वरूप. या नळीने केवढी उलथापालथ केली! स्वस्त म्हणून वापरल्या जाणाऱ्या तपकिरी माल्टपेक्षा महाग फिकट माल्टमधून पुष्कळच अधिक अर्क उतरतो, म्हणजे हिशेबाने तोच स्वस्त पडतो, हे तिने दाखवून दिले आणि लंडनच्या पोर्टर बिअरची घडणच बदलली. त्याच सुमारास तेथील मद्यशाळांची पिंपे मोठी करण्याची चढाओढही चालू होती. त्या चढाओढीची एक परिणती अशी की, १७ ऑक्टोबर १८१४ रोजी टॉटनहॅम कोर्ट रोडवरील म्यूक्स यांच्या मद्यशाळेत २२ फूट उंचीचे पिंप फुटले आणि बिअरच्या लोंढ्याने शेजारच्या गरीब वस्तीतील आठ जणांचा बळी घेतला. पिंपाची भव्यता मिरवण्याची होती. बिअरचा स्वभाव बदलला तो त्या नळीने.

आता घरगुती खरेदीकडे वळू. पहिली खरेदी व्हावी ती गारव्याची. जुना, चालू स्थितीतील फ्रिज आणि त्याला जोडावयाचा तापमान-नियंत्रक, एवढ्यावर काम भागते. तेही परवडत नसेल तर पाण्याने अर्धी भरलेली टोपली किंवा टब, त्यात बादली, बादलीभोवती ओला पंचा आणि समोर पंखा. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने बिअरही दोन-चार अंश उतरते. हा उपाय दुकानदार सांगत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही.

त्यापाठोपाठ पाणी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन बिअरमध्ये औषधी, दवाखान्यासारखी चव आणते; चिमूटभर मेटाबायसल्फाइटने ती टळते. या चिमटीची किंमत नगण्य आहे. निर्जंतुकीकरणाचे द्रावणही तसेच. आणि खरवडलेली जुनी प्लॅस्टिकची बादली बदलून नवी घेणे हे कोणत्याही पोलादी टाकीपेक्षा अधिक तातडीचे असू शकते, कारण ओरखड्यांत जंतू दडून बसतात. थर्मामीटर विश्वासाचा हवा. वितळत्या बर्फात शून्य आणि उकळत्या पाण्यात शंभर अंश दाखवतो की नाही, ते पाहिले म्हणजे झाले. फक्त डेन्व्हरसारख्या उंच शहरात (किंवा आपल्या महाबळेश्वरी) पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते, हे विसरून चांगला थर्मामीटर फेकून देऊ नये. हायड्रोमीटर तर सुरक्षिततेचे साधन आहे. आंबण्याची क्रिया पुरी होण्यापूर्वी बाटल्या भरल्या तर आतील दाब वाढून बाटली फुटते, आणि काचेचे तुकडे हौशी-धंदेवाईक असा भेद करीत नाहीत.

मोठ्या भांड्याची वेळ मग येते, आणि ती न्याय्यही असते. डब्यातला तयार माल्टचा अर्क पाण्यात कालवून बिअर करणाऱ्याला धान्यापासून प्रारंभ करावासा वाटला, की पाच गॅलनच्या, म्हणजे १९ लिटरच्या घाण्यासाठी सुमारे ३० ते ४० लिटरचे पातेले आणि तेवढा काढा खळाखळा उकळवणारी शेगडी लागतेच. परंतु तीन पिंपे, दोन पंप आणि त्यांना उचलून धरणारा लोखंडी सांगाडा लागतो, हे मात्र खरे नव्हे. ऑस्ट्रेलियातील छंदिष्टांनी या शतकाच्या पहिल्या दशकात एक युक्ती रूढ केली : एकच पातेले आणि त्यात कापडी पिशवी. धान्य पिशवीत भिजवावयाचे, तासाभराने पिशवी उचलून निथळत टांगावयाची आणि खाली राहिलेला काढा उकळावयाचा. श्रीखंडासाठी दही टांगणाऱ्या घराला यात नवल वाटण्याचे कारण नाही. तीन भांड्यांचे काम एका भांड्यावर आले. याला प्रगती म्हणावयाचे की पीछेहाट, हे ज्याने त्याने ठरवावे. काढा निववण्यासाठी तांब्याच्या नळीचे वेटोळे मात्र जरूर घ्यावे. पाणी मुबलक असेल तर त्याच्याइतके कामाला येणारे दुसरे साधे उपकरण नाही.

आकाराचा मोह आवरण्यास कायद्यातलेच आकडे पुरे आहेत. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनची मर्यादा. पाच गॅलनच्या हिशेबाने चाळीस घाणे. नोकरी, मुलेबाळे, रविवारची इतर कामे सांभाळून एवढे घाणे काढणारा गृहस्थ विरळाच. त्याने वीस गॅलनचा संच घेतला, तर कायद्याच्या मर्यादेत राहून तो वर्षातून दहा दिवस वापरता येईल. उरलेले ३५५ दिवस तो जागा अडवील. शिवाय वीस गॅलनचा एक घाणा बिघडला म्हणजे सुमारे ७५ लिटर बिअर एकदम मोरीत ओतावी लागते.

बाटल्यांऐवजी पोलादी पिंप आणि कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे घेण्याचा जो आग्रह दिसतो, त्याची बाजू अधिक बळकट आहे. १९ लिटरच्या एका घाण्याला पन्नासाहून अधिक बाटल्या धुवाव्या लागतात. अनेकांचा छंद सुटतो तो या धुण्यापायी. ही खरेदी चवीपेक्षा श्रमासाठी आहे, हे समजून केली म्हणजे पश्चात्ताप होत नाही. शीतपेयांच्या कंपन्या आपले सरबत ज्या पाच गॅलनच्या पिंपांतून पाठवीत, ती त्यांनी पिशव्यांच्या नव्या पद्धतीमुळे मोडीत काढल्यावर छंदिष्टांना स्वस्तात मिळू लागली. मोडीतल्या मालाशी या क्षेत्राचे नाते जुनेच आहे : १९८० मध्ये कॅलिफोर्नियातील चिको गावी सुरू झालेली आणि पुढे देशभर नावाजलेली सिएरा नेव्हाडा मद्यशाळा केन ग्रॉसमन यांनी दुग्धालयांच्या जुन्या सामानातून उभारली.

सर्वांत अधिक सावधगिरी हवी ती सारे काही स्वतः करणाऱ्या यंत्रांविषयी. सिअ‍ॅटलच्या पिकोब्रू या कंपनीचे यंत्र इंटरनेटद्वारे कंपनीच्या संगणकाकडून आज्ञा घेऊन बिअर करीत असे. २०२० मध्ये ती कंपनी बुडाली आणि यंत्राला आज्ञा कोण देणार, हा प्रश्न ग्राहकांपुढे उभा राहिला. त्यांच्यापैकी काही तंत्रज्ञांनी स्वतःच पर्यायी व्यवस्था लिहून काढली, ही गोष्ट कौतुकाची. परंतु ज्याला तसे जमत नव्हते, त्याच्या ओट्यावर एक महागडी पेटी तेवढी उरण्याची भीती होती. बादलीवाल्याची बादली कोणाच्या दिवाळखोरीने बंद पडत नाही.

छंद हा हिशेबासाठी नसतो, चकाकत्या भांड्याकडे पाहण्यातही आनंद आहे, असा प्रतिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. तंबोरा चांगल्या कारागिराकडचा असावा असे गाणाऱ्याला वाटते, तसेच हे. ज्याच्या गाठी पैसा आहे आणि ज्याची बिअर आधीच उत्तम होते, त्याने पोलादी टाकी जरूर घ्यावी. धुण्यास ती सोयीची असते आणि टिकतेही. मध्यम प्राप्तीच्या माणसाने मात्र फ्रिज, पाणी, स्वच्छता आणि मोजमाप यांची व्यवस्था लागल्यावर पाच-सहा घाणे काढावेत, प्रत्येकाचे तापमान वहीत टिपून ठेवावे आणि नंतरच भांड्यांच्या दुकानाची पायरी चढावी. तेव्हाही नव्या मालापूर्वी जुना बाजार पाहावा. हौस ओसरलेल्या गृहस्थांचे दोन-चार वेळाच चुलीवर चढलेले संच तेथे स्वस्तात विकावयास आलेले असतात.