चार कॉइल्सचं एस्टिमेट? एक मिनिट, बॉस!

सिग्नलला उभी असताना गाडी थरथरतेय, फ्लायओव्हर चढताना पिकअप गायब, आणि डॅशबोर्डवर तो इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा. मेकॅनिक मंडळी याला एका शब्दात 'मिसिंग' म्हणतात. तुम्ही गॅरेजला जाता, पोरगा स्कॅनर लावतो आणि दोन मिनिटांत निकाल: 'कॉइल गेली साहेब. चारही बदलून टाकू, परत टेन्शन नको.' टेन्शन त्याचं जातं, पगार तुमचा!

कॉइलचं काम तसं साधं. बॅटरीच्या १२ व्होल्टचे वीस-तीस हजार व्होल्ट करायचे आणि प्लगला ठिणगी द्यायची, बस्स. पूर्वी अख्ख्या इंजिनाला मिळून एकच कॉइल असायची आणि डिस्ट्रिब्युटर तिचा करंट वाटत फिरायचा. आता बऱ्याच पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसते. (डिझेलवाल्यांनी खुशाल पान उलटावं, तुमच्याकडे स्पार्क प्लगच नसतो.)

आता स्कॅनरवर नेमकं काय लिहिलंय ते विचारा. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पी०३५२ म्हणजे 'बी' कॉइलच्या सर्किटमध्ये गडबड. बहुतेक गाड्यांत 'बी' म्हणजे दुसरी. शब्द नीट वाचा, सर्किट! त्यात कॉइल आली, तिचा कनेक्टर आला, वायर आली आणि तिला हुकूम देणारा ईसीयूसुद्धा आला. कोड तुम्हाला गल्ली सांगतो, घर नंबर नाही.

घर शोधायची युक्ती फुकट आहे. इंजिन बंद आणि गार असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल्सची अदलाबदल करायची. सहसा एकेक बोल्ट आणि एकेक कनेक्टर, एवढाच खेळ. कोड पुसायचा, एक चक्कर मारायची. आता कोड तिसऱ्याचा आला, म्हणजे पी०३०३ किंवा पी०३५३, तर दोषी कॉइलच. मग ती एक बदला, बाकीच्या तिघींनी काय घोडं मारलंय? कोड दुसऱ्यालाच चिकटून राहिला, तर मात्र नवी कॉइल घालून काडीचा फायदा नाही. चक्कर जरा लांबची मारा हं. काही कॉइल्स गार असताना शहाण्यासारख्या वागतात आणि तापल्यावरच रुसतात.

आमच्या ग्रुपमधल्या एकाला चार कॉइल्स, चार प्लग असं एस्टिमेट मिळालं होतं. दुसऱ्या मेकॅनिकने अदलाबदल केली, कोड जागचा हलला नाही. मग त्याने कनेक्टर काढून, इग्निशन ऑन करून मीटर लावला. १२ व्होल्ट यायला हवे होते, आले शून्य. आता बघा, बहुतेक गाड्यांत सगळ्या कॉइल्सना सप्लाय एकाच फ्यूजमधून जातो. फ्यूज उडाला असता तर गाडी सुरूच झाली नसती. एकच कॉइल उपाशी म्हणजे वायर तिच्या आसपासच कुठेतरी तुटलेली. निघाली! सोसायटीच्या बेसमेंटमधल्या उंदराने कुरतडलेली. वायर जोडली, टेप मारली, विषय संपला.

सप्लाय ठीक असेल तर ईसीयूकडून सिग्नल येतोय का ते बघायचं. तो इतका झटपट असतो की साध्या मीटरवर धड दिसत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. कॉइलचे ओहम मोजून निकाल देणाऱ्यांपासूनही जरा जपून. दोन पिनांच्या कॉइलला ते चालतं. तीन-चार पिनांच्या कॉइलच्या पोटात ट्रान्झिस्टर असतो, तिथे मीटर दिशाभूल करतो. आणि कोड फक्त मिसफायरचा असेल, सर्किटचा नसेल, तर पुढे प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. ईसीयूवर संशय सगळ्यात शेवटी. 'ईसीयू गेला' हे वाक्य पहिल्याच भेटीत ऐकू आलं तर गाडीची चावी परत मागा.

प्लग जुने असतील तर ते मात्र बदलून टाका. झिजून फट वाढली की ठिणगी उडवायला कॉइलला जास्त व्होल्टेज लागतं आणि धडधाकट कॉइलही आजारी पडते. सीएनजीवाल्यांनी तर जास्तच लक्ष द्यावं, कारण गॅस पेटवायला मुळातच जास्त जोर लागतो. पावसाळ्यात बॉनेट उघडून प्रेशरने इंजिन धुवून घ्यायची हौसही नको. पाणी प्लगच्या खोबणीत उतरतं आणि करंट भलत्या वाटेने निसटतो. तारेला प्लग टेकवून 'करंट बघतो' म्हणणाऱ्या जुन्या उस्तादांनाही प्रेमाने थांबवा. हातालाही झटका बसतो आणि ईसीयूलाही.

दिवा नुसता पेटलेला असेल तर सावकाश गॅरेज गाठता येतं. तो लुकलुकायला लागला तर ऑफिसचा पंच विसरा आणि गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, तो तापून खलास होतो, आणि त्याच्या बिलापुढे चार कॉइल्सचं एस्टिमेट स्वस्त वाटायला लागतं.