वायफायचा डबा : आधी जागा, मग वायर, शेवटी खरेदी

नवीन कपाट घरात यायचे असले, की ते कुठे ठेवायचे याचा विचार आपण आठ दिवस आधीपासून करतो. उजेड अडतो का, दार पुरते उघडते का, सारे पाहून घेतो. वायफायच्या डब्याच्या नशिबी मात्र एवढे लाड नाहीत. इंटरनेट कंपनीचा मुलगा येतो, बाहेरची वायर जिथून आत घेणे त्याला सोपे पडते तिथेच खिळा ठोकतो, आणि डबा तिथला कायमचा रहिवासी होतो. मग मागच्या खोलीत नेट येत नाही म्हणून घरातले सगळे कंपनीच्या नावाने बोटे मोडतात.

मैत्रिणींनो, ‘हे काम पुरुषमंडळींचं’ म्हणून हा विषय सोडून देऊ नका. नेट बंद पडते तेव्हा घरात बहुधा आपणच असतो. शिवाय यात आपला स्वतःचाही प्रश्न आहे. मी संध्याकाळी सहावी-सातवीच्या मुलांना ऑनलाइन शिकवते. आमच्याकडे दार लावून बसता येईल अशी खोली एकच, ती मागची; आणि नेट दिवाणखान्यात! म्हणजे सासूबाईंची मालिका, कुकरच्या शिट्ट्या आणि माझे अपूर्णांक, सारे एकाच वेळी. घरून काम करणाऱ्या कितीतरी जणींना कामाला खोली आहे, पण खोलीत नेट नाही. तेव्हा ही चैनीची बाब नाही. बाईच्या कामाला स्वतःचा कोपरा मिळण्याची बाब आहे.

दोष कुठे आहे ?

काही विकत घेण्याआधी एक साधी परीक्षा करा. रात्री जेवणानंतर, सगळे नेट वापरत असतात तेव्हा, राउटरच्या अगदी शेजारी उभे राहून मोबाईलवर व्हिडिओ लावा. तिथेही तो अडखळत असेल, तर दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या लाइनीचा किंवा राउटरचा. त्यासाठी कंपनीकडेच तक्रार करावी. तिथे नीट चालतो आणि मागच्या खोलीत अडखळतो, तर लाइन ठीक आहे. घराच्या भिंती आड येत आहेत. वहीच्या पानावर घराचा नकाशा काढून, कुठे चालते आणि कुठे अडते याच्या खुणा करा. हे पान पुढे फार उपयोगी पडेल.

राउटरचा डबा शक्यतो घराच्या मध्यावर, उंचावर आणि मोकळा असावा. माळ्यावर, लोखंडी कपाटाच्या मागे, फ्रिजवर, मोठ्या आरशाजवळ किंवा माशांच्या टाकीपाशी ठेवू नये. धातू आणि पाणी या लहरी अडवतात. स्लॅबमधल्या सळया आणि जुन्या वाड्यांच्या जाड भिंतीही तेच करतात. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, म्हणून तो सुरू असताना शेजारचे वायफाय कुरकुरते. राउटरमध्ये बहुधा दोन पट्टे असतात : २.४ गिगाहर्ट्झचा लांब पोचतो पण संथ, ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पण भिंतींपुढे लवकर थकतो. नुसती जागा बदलूनही पुष्कळ घरांचे काम भागते.

दुसरा डबा लागलाच तर

घर दुमजली असेल, किंवा लांबट असेल, तर एका डब्याने भागत नाही. अशा वेळी दुकानदार चटकन रिपीटर पुढे करतो. तो सॉकेटला लावला की झाले, वायर नको. पण रिपीटर हवेतूनच घेतो आणि हवेतूनच पुढे देतो, त्यामुळे वेग पुष्कळदा निम्म्यावर येतो. शिवाय लोक तो नेमका जिथे नेट येत नाही तिथे लावतात. विहिरीला पाणीच नाही, तिथे पोहरा सोडून काय मिळणार ? रिपीटर लावायचाच तर नेट अजून बऱ्यापैकी येते अशा मधल्या जागी लावावा.

याहून भरवशाचा उपाय म्हणजे राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल न्यावी आणि तिथे ॲक्सेस पॉइंट लावावा. ॲक्सेस पॉइंट म्हणजे वायरीतले नेट वायफाय करून वाटणारा डबा. घरात जुना राउटर पडून असेल आणि त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल, तर तोही चालतो. मात्र हा मोड निवडायला विसरू नका. दूधवाल्याला सासू एक सांगते आणि सून दुसरे, म्हणजे जो घोळ होतो, तोच दोन राउटर आपापले हिशेब चालवू लागले की होतो. दोन्ही डब्यांना वायफायचे नाव आणि पासवर्ड एकच द्यावा, म्हणजे मोबाईल खोलीगणिक आपोआप जोडला जातो. २.४ गिगाहर्ट्झवर दोघांचे चॅनेल मात्र वेगळे ठेवावे. १, ६ आणि ११ हे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

वायरमनला काय सांगावे ?

केबल ‘कॅट ६’ आणि पूर्ण तांब्याची मागा. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही बाजारात मिळते. तुकडा हातात घेऊन आतली एक तार चाकूने खरवडा. पांढरी चकाकी दिसली तर ती परत करा. एका दमात १०० मीटरपर्यंत केबल नेता येते, तेव्हा घरात लांबीची चिंता नाही.

दुसरे, ही केबल विजेच्या वायरींच्या पाइपातून नेऊ देऊ नका. वायरमन म्हणेल, ‘वहिनी, काही होत नाही. भिंत फोडायला नको.’ त्याचे ऐकू नका. पाइपातल्या २३० व्होल्टच्या वायरीचे आवरण कधी झिजले, तर तीच वीज आपण हाताळतो त्या केबलमध्ये उतरू शकते. भिंतीवरून वेगळी प्लॅस्टिकची पट्टी मारून घ्या. दिसायला थोडे कमी, पण जिवाला घोर नाही.

आता विजेचे

ॲक्सेस पॉइंट छताजवळ किंवा जिन्यात बसवायचा, तर तिथे सॉकेट कुठून आणणार ? यासाठी पीओई नावाची सोय आहे. नेट ज्या केबलमधून जाते तिच्यातूनच वीजही जाते, साधारण ४८ व्होल्टची. याचे पहिले मानक २००३ साली ठरले, त्यात केबलमागे १५.४ वॅट मिळतात. २००९ च्या मानकात ३० वॅट. घरगुती डब्याला बहुधा पहिले पुरते. एका डब्यासाठी ‘इंजेक्टर’ घ्यावा, दोन-तीन डबे असतील तर छोटा पीओई स्विच. मानकाप्रमाणे बनवलेला स्विच पलीकडच्या वस्तूला वीज चालते का ते आधी तपासतो, मगच सोडतो. पण काही स्वस्त इंजेक्टर २४ व्होल्ट किंवा तत्सम वीज न विचारता सोडतात. ते दुसऱ्या कंपनीच्या डब्याला जोडू नयेत; डबा जळू शकतो. जुन्या राउटरला पीओई नसेल, तर त्याचा स्वतःचा ॲडॉप्टरच वापरावा.

पीओईचा मोठा फायदा लाइट गेल्यावर कळतो. सगळ्या डब्यांना वीज एकाच ठिकाणाहून जाते, म्हणून तेवढा एक बोर्ड इन्व्हर्टरवर घेतला की पुरे. मात्र फायबरची वायर ज्या डब्यात येते तो आणि राउटर, हेही त्याच बोर्डावर हवेत. कंपनीच्या बाजूची वीज शाबूत असेल, तर अंधारातही वर्ग चालू राहतो.

इन्व्हर्टर नसेल, तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवरचे आकडे कागदावर लिहून न्या, उदाहरणार्थ १२ व्होल्ट, १ अँपिअर. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत; अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. पिन आणि तिच्यावरची अधिक-उण्याची खूणही जुळवून घ्या.

बिलाची धास्ती नको. १० वॅटचा डबा रात्रंदिवस चालला तरी दिवसाला पाव युनिटही होत नाही. महिन्याचे सुमारे सात युनिट. उगाच चालू राहिलेला गीझर याहून कितीतरी महाग पडतो.

सगळे काम झाले, की प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचा झेंडा लावून त्यावर नाव लिहा : ‘राउटर’, ‘मागची खोली’, ‘वरचा मजला’. नकाशाचे पानही बोर्डाजवळच ठेवा. म्हणजे नेट बंद पडले तर संध्याकाळपर्यंत कुणाची वाट पाहायला नको. कोणता दिवा गेला आहे ते पाहून आपले आपल्यालाच समजेल, आणि दार लावून आपले काम पुढे चालू करता येईल.