जिज्ञासूचा निरोप्या झाला!

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य भारतीयांसाठी इंटरनेटचे दार उघडले. तेव्हा मिनिटांचा हिशेब ठेवीत माणूस त्या दारी प्रश्न घेऊन जात असे. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि इंटरनेट खिशात आले. ज्ञान मूठभरांची मिरासदारी राहिले नाही, हे स्वागतार्हच. परंतु जिज्ञासूचा निरोप्या झाला, त्याचे काय?

जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, मुले पळविणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरील अफवेपायी, भटक्या समाजातील पाच निरपराध बांधवांची जमावाने हत्या केली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश पुढे धाडण्यावर पाचाची मर्यादा जाहीर केली. मर्यादा यंत्र घालील. विवेक मात्र घराघरांत आपणच जागवायचा आहे.