कुंडलिकेचे उसने पाणी

सुट्या जवळ आल्या की शाळा-महाविद्यालयांतून आणि कचेऱ्यांतून सहलींचे बेत शिजू लागतात. त्या बेतांत अलीकडे कोलाडच्या राफ्टिंगला मानाचे स्थान मिळाले आहे. हेल्मेट आणि लाइफ जॅकेट चढवून, हाती वल्हे घेऊन रबरी तराफ्यात बसावयाचे आणि कुंडलिका नदीच्या खळाळातून दहा-बारा किलोमीटर खाली यावयाचे, असा हा कार्यक्रम. फायलींत मान घालून बसणाऱ्या माणसाने वर्षातून एकदा तरी असे चिंब भिजावे, याबद्दल आमचे दुमत नाही.

तराफा सुटण्यापूर्वी गाइड सूचना देतो. आज्ञा होताच सर्वांनी एकदम वल्हे मारावे. पाण्यात पडल्यास उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण खडकाच्या फटीत पाय अडकला की प्रवाह माणसाला पालथे पाडतो. पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवून उताणे तरंगावे. या सूचना प्राणरक्षक आहेत. त्या चालू असताना छायाचित्रे काढण्यात दंग असणाऱ्या मंडळींना गाइडने खुशाल किनाऱ्यावर ठेवावे. तथापि या सूचनांत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ती म्हणजे हे पाणी येते कोठून?

प्रश्न साधा आहे, पण तो पडावयास हवा. उन्हाळ्यात कोकणातील बहुतेक नद्यांचे पात्र गोट्यांनी भरलेले दिसते. मग एकट्या कुंडलिकेलाच सकाळी पूर कसा येतो? याचे उत्तर सह्याद्रीच्या पलीकडे आहे. मुळा नदी वस्तुतः पूर्ववाहिनी. तिचे पाणी मुठेशी मिळून भीमेत आणि पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जावयाचे. मुळशी येथे धरण बांधून ते अडविण्यात आले, डोंगरातून पश्चिमेकडे वळविण्यात आले आणि सुमारे 500 मीटर खाली भिरा येथील टाटांच्या वीजगृहात सोडण्यात आले. हे वीजगृह 1927 साली सुरू झाले. चाके फिरवून झालेले तेच पाणी कुंडलिकेत उतरते. म्हणजे या नदीचा खळाळ विजेच्या वेळापत्रकावर चालतो. ज्या दिवशी पाणी सुटत नाही, त्या दिवशी तराफाही सुटत नाही.

आणि हे पाणी सुखासुखी मिळालेले नाही. मुळशी खोऱ्यातील मावळ्यांची भातखाचरे आणि घरेदारे त्याखाली गेली. 1921 च्या रामनवमीला तेथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे बिरुद मिळाले ते याच लढ्यात. तीन वर्षे झुंज चालली, बापटांना तुरुंगवास घडला आणि धरण झालेच. मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे विजेवर चालल्या, हा लाभ खोटा नव्हे. पण त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांचा उल्लेख आपल्या सहलींत कोठेच नसतो.

हे गतकाळाचे उगाळणे आहे, असे कोणी म्हणेल. तसे ते नाही. मुळशीचे पाणी पुन्हा पूर्वेकडे, तहानलेल्या पुण्याला आणि भीमा खोऱ्याला द्यावे, ही मागणी वारंवार होत असते. ती मान्य झाली तर केवळ तराफेवाल्यांचा धंदा बसणार नाही. वीजगृहातून येणाऱ्या या पाण्यावर विसंबलेल्या कुंडलिकाकाठच्या शेतीचे आणि रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीचे काय, हाही प्रश्न उभा राहील. शतकापूर्वी एका खोऱ्याला न विचारता पाणी नेले. आता दुसऱ्या खोऱ्याला न विचारता ते परत नेऊ नये. या वादात उद्या ज्यांना मत द्यावयाचे आहे, ते विद्यार्थी आज त्याच पाण्यावर वल्ही मारीत असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो!

शिक्षकांना यासाठी वेगळा तास घ्यावा लागणार नाही. कोलाडहून पुण्याकडे परतणाऱ्या बसला ताम्हिणी घाटाचा रस्ता मोकळा आहे आणि तो मुळशीच्या जलाशयाला लागूनच जातो. तेथे अर्धा तास बस थांबवावी, ओले कपडे वाळत असतानाच मुलांना त्या शांत पाण्याकडे बोट दाखवावे आणि सकाळी आपण ज्यावर उसळलो ते येथूनच आले, एवढे सांगावे.