गळ टाका, औषध टाकू नका



आपल्या शिवारातून प्रवरेचा डावा कालवा जातो. आपण त्याला पाटच म्हणतो. अकोले तालुक्यातले भंडारदरा धरण 1926 साली पुरे झाले. तिथले पाणी नदीने ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून पाटात वळते. पाण्याबरोबर नदीतले मासेही येतात. आवर्तन बंद झाले की पाट आटतो, पण पुलाखाली व खोलगट जागी डबकी राहतात. मासे तिथेच गोळा होतात. मग पोरे काठी, दोरा, गळ आणि गांडुळे घेऊन निघतात.

गळाने मासे धरायला माझी ना नाही. तासभर गप्प बसावे, तेव्हा कुठे एखादा लागतो. पण काही जण डबक्यात फवारणीचे औषध ओततात, नाहीतर सुरुंगाचा बार उडवतात. घटकाभरात पाटी भरते. हे मला पटत नाही.

ते म्हणतात, "पाणी आटल्यावर मासे मरणारच, मग आम्ही नेले तर काय बिघडले?" बिघडते. सगळी डबकी आटत नाहीत. खोल डबक्यातले मासे पुढच्या आवर्तनापर्यंत तग धरतात. मरळ तर वरची हवासुद्धा घेते. औषधाने मात्र बोटाएवढे पिल्लू आणि बेडूकही मरतात. त्याच डबक्यावर शेळ्या-म्हशी पाणी पितात. आणि ते मासे शेवटी आपल्याच ताटात येतात! विष किंवा सुरुंग वापरून मासे मारायला 1897 सालच्या कायद्यानेच बंदी घातली होती. म्हणजे हे काही माझ्या एकट्याच्या डोक्यातले नाही.

माझे म्हणणे एवढेच. घरी लागतील तेवढेच मासे धरावेत. लहान पिल्लू परत सोडावे. चिलापी मात्र खुशाल धरावी. ती 1952 साली बाहेरदेशातून आपल्याकडे आणली. ती अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे फार लवकर वाढते. तुटलेला दोरा काठावर टाकू नये, पाखरांचे पाय अडकतात. आणि पाट भरून वाहताना कोणीही कडेला बसू नये. कड निसरडी असते.

औषधाचा डबा आम्ही मुले आणत नाही, तो मोठ्या माणसांच्या हातात असतो. म्हणून पालकांना विनंती, कोणी डबक्यात औषध ओतताना दिसला तर त्याला तिथल्या तिथे अडवा. आम्ही लहान, आमचे कोण ऐकतो?

— इयत्ता सातवी